पुढचा आंस

शहापूर आणि मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील दोन तालुके सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं वसलेले आहेत. एकाच्या माथ्यावर कसाऱ्याचा थळघाट, दुसऱ्याच्या माथ्यावर नाणेघाट व माळशेज. या मुलखाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे माहुलीचा किल्ला, नाणेघाटांतील सातवाहनांचा शिलालेख आणि सिद्धगडचे हुतात्मे यांचा सांगण्याची वहिवाट आहे, व ती योग्यच आहे. मी आज सांगणार आहें तो इतिहास मात्र चिखलांत लोळलेला आहे. तो आहे मोटारीच्या पुढच्या आंसाचा; ज्याला आपले मेकॅनिक लोक ॲक्सल म्हणतात त्याचा.

बैलगाडीला आंस एकच. तो चाकांना फिरवीत नाहीं; चाकेंच त्याच्यावर फिरतात, आणि ओढणारे बैल निराळे असतात. असा आंस मोडला तर सुतार नवा घडवी, लोहार धाव आवळून देई, आणि गाडी पुन्हां भात किंवा गवत घेऊन वाटेस लागे. मोटार आली ती दोन आंस घेऊन. मागचा गाडी ढकलणारा व पुढचा केवळ वळणारा, अशी त्यांची कामें वांटलेलीं होतीं. डांबरी रस्त्यावर ही वांटणी उत्तम चालते. परंतु किन्हवली किंवा डोळखांबच्या बाजूस आषाढांत भाताच्या खाचरांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं, कीं पुढचा आंस म्हणजे नुसतें चिखलांत रुतलेलें ओझें होऊन बसे.

मग पुढच्या चाकांनाही जोर कां देऊं नये? प्रश्न सोपा आहे; अडचण सांध्यांत आहे. जें चाक डावें-उजवें वळतें, त्यालाच फिरण्याची शक्तीही पोंचवावयाची. हॉलंडांतील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं चारही चाकांस जोर असलेली मोटार दाखविली. अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील क्लिंटनव्हिल गांवीं ऑटो झाको व विल्यम बेसर्डिक या मेहुण्यांनीं १९०८ सालीं आपल्या रचनेचें पेटंट मिळविलें. तरीही एक दोष उरलाच होता. साधा सांधा वांकविला म्हणजे एका फेऱ्यांतच त्याची गति कमीजास्त होते व सुकाणूस झटके बसतात. फ्रान्समधील ग्रेगवार व फेनाय यांनीं १९२६ सालीं, व त्याच सुमारास अमेरिकेंत झेप्पा नांवाच्या यंत्रज्ञानें, वांकलेला असतांही एकसारख्या गतीनें फिरणारे सांधे शोधून काढले. दुसऱ्या महायुद्धांत विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या, त्यांच्या पुढच्या आंसांत याच जातीचे सांधे होते.

युद्धकाळीं कल्याणला मोठी लष्करी छावणी होती. तिच्याच जागीं १९४९ सालीं उल्हासनगर वसलें. दुसरी छावणी घाटावर देवळालीस, आणि दोहोंमधला मुंबई-आग्रा रस्ता जातो तो शहापुरावरूनच. युद्ध संपल्यावर लष्कराचीं शिलकी वाहनें विक्रीस निघालीं. इकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजीं महिंद्र आणि महंमद ही कंपनी स्थापन झाली होती. तिच्यांतील गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ सालीं कंपनी महिंद्र आणि महिंद्र या नांवानें चालूं लागली. १९४७ सालीं विलीजच्या ७५ गाड्यांचे सुटे भाग आले, आणि पुढें माझगांवांत जीपची जुळणी होऊं लागली. कालांतरानें उंच नाकाची सीजे-थ्री-बी आली, व १९६५ च्या सुमारास एफसी-१५० हा पिकप ट्रक आला. या पिकपमध्यें चालक जवळजवळ पुढच्या आंसावरच बसतो, म्हणजे मागें हौद्यास जागा मोकळी राहते. अमेरिकेंतील याच नमुन्याचा पहिला आंस अरुंद होता. तेव्हां १९५८ सालीं कारखान्यानेंच ४८ इंचांच्या जागीं ५७ इंच रुंदीवर चाकें नेलीं. आंस बदलण्याची खोड केवळ आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांचीच नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

आतां प्रत्यक्ष काम. मागच्या चाकांस ठोकळे लावून गाडीची पुढची बाजू उचलावी व सांगाड्याखालीं भक्कम घोड्या द्याव्या. केवळ जॅकवर विसंबून गाडीखालीं शिरणें म्हणजे जिवाशीं खेळ. मग चाकें, ब्रेकची नळी, सुकाणूचा दांडा आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हीं सोडवावीं. शेवटीं कमानपाट्यांचे यू-बोल्ट सुटले, कीं आंस बाहेर ओढून काढतां येतो. दुसरा बसवितांना पाट्याच्या मधल्या बोल्टाचें डोकें आंसावरील बैठकीच्या भोंकांत नेमकें बसलें पाहिजे. तें न बसल्यास आंस तिरका राहतो व गाडी एका बाजूस ओढते. डिफरन्शियलचा फुगवटा उजव्या अंगास हवा, कारण गिअरपेटींतून येणारा शाफ्ट त्याच बाजूस उतरतो. ब्रेकमधील हवा काढून पुढच्या चाकांचा रोख तपासला, म्हणजे काम उरकलें असें वाटतें.

तें उरकलेलें नसतें. युद्धकाळच्या जीपचा व सीजे-थ्री-बीचा पुढचा आंस एकाच घराण्यांतला. पाट्यांवर दोन्ही सारखेच बसतात. पण पहिल्याच्या पोटांत ८ दातांच्या पिनियनवर ३९ दातांचें क्राउन चाक आहे, तर दुसऱ्याच्या पोटांत ८ वर ४३. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास पहिल्यांत शाफ्ट पावणेपांचांहून थोडे अधिक वेढे घेतो, आणि दुसऱ्यांत त्याहून बरोबर अर्धा वेढा जास्त. अर्ध्या वेढ्यानें काय होतें? चाकाचा घेर सुमारें सात-सव्वासात फूट धरला, तर एका मैलांत सातशेंहून अधिक फेरे होतात. पुढचा व मागचा आंस एकमेकांशीं साडेतीनशेंहून अधिक वेढ्यांनीं भांडतात. चिखलांत चाक घसरून तें भांडण मिटवितें. कोरड्या कठीण रस्त्यावर मिटविणारें कोणी नसतें. टायर घासले जातात, गिअरचा दांडा अडकून सुटत नाहीं, आणि अखेर आंतलें कांहींतरी तुटतें; तें सपाटीवर तुटेल कीं घाटाच्या वळणावर, हें कोणीं सांगावें?

मुरबाडच्या बाजूस अशी एक जुनी पिकप मीं पाहिली आहे. मालकानें भंगारांतला आंस स्वस्तांत घेतला होता, आणि गाडी पावसाळाभर निर्धोक चालली. दिवाळीनंतर वाटा सुकल्या व ती कुरकुरूं लागली. दोन गॅरेजांनीं गिअरपेटी उघडून पाहिली. तिसऱ्या ठिकाणच्या वृद्ध मेकॅनिकानें कांहींच उघडलें नाहीं. त्यानें पुढचीं चाकें उचलून धरलीं, टायरावर व शाफ्टवर खडूनें एकेक रेघ ओढली, आणि दोन्ही चाकें बरोबरीनें एक फेरा फिरवून शाफ्टचे वेढे मोजावयास लावले. मग तोच हिशोब मागें केला. "पुढें पावणेपांचाच्या वर, मागें सव्वापांचाच्या वर," एवढेंच तो म्हणाला, व मालकाकडे पाहत राहिला. माझ्या मतें या विद्येचें सार त्या खडूच्या रेघेंत आहे.

पुढें रस्ते सुधारले. दोनच चाकांस जोर असलेल्या गाड्या महिंद्रांनींही काढल्या, आणि तेल वांचविण्यासाठीं जुन्या चार-चाकी जोराच्या गाडीचा पुढचा आंस काढून साधा, नुसता वळणारा आंस घालणारे मालकही निघाले. त्या पिकपच्या मालकालाही तसाच सल्ला मिळाला होता. त्यानें तो मानला नाहीं. त्याचा पाडा ओढ्यापलीकडे आहे; चार महिने तेथवर एसटी जात नाहीं, आणि रात्रीं-अपरात्रीं बाळंतीण सरकारी दवाखान्यांत न्यावयाची तर हौद्यांत गवताची गादी घालून हीच गाडी निघते. त्यानें ४३ दातांचा आंस शोधून आणला. जुना त्याच्या गोठ्यामागें पडून आहे. म्हशी त्याला अंग घासतात.