सत्त्याहत्तरचं इलेक्शन

आमच्या लातूर भागात जुनी माणसं वय सांगताना अजून दुष्काळ आणि इलेक्शन धरून सांगतात. हा बहात्तरच्या दुष्काळातला, ही सत्त्याहत्तरच्या इलेक्शनची. दुष्काळाचं समजू शकतं, तो पोटावरच आला होता. पण एखादं इलेक्शन माणसांच्या इतकं ध्यानात का राहावं, ते सांगायचं आहे.

१९७१ च्या लोकसभेला महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसच्या. मराठवाड्यात शेकाप होता. त्यातली बरीच माणसं निजामाशी लढलेली, त्यामुळं लोक त्यांना मानायचे. पण मानणं वेगळं आणि मत देणं वेगळं. मत बहुतेक ठिकाणी गाय-वासरालाच पडायचं.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. ती आमच्या गावाला पेपरातून कळली नाही, कारण पेपर येतच नव्हता. कोण तुरुंगात गेलं, काय छापायला बंदी आली, हे शहराचं दुखणं. आम्हाला आणीबाणी दिसली ती १९७६ मध्ये, ऑपरेशनच्या रूपानं. मास्तर असो, तलाठी असो, ग्रामसेवक असो, ज्याला त्याला केसेस आणायचा कोटा. राज्याच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण कायद्यावाचून काय अडलं? जीपचा आवाज आला की तरणी माणसं ज्वारीत शिरायची.

आमच्या शेजारचा एक जण, दोन लेकरांचा बाप, असाच तालुक्याला नेला. परत आला तो वाकून चालत. पुढं सहा-सात महिन्यांत त्याचं धाकटं लेकरू तापानं गेलं. त्यावर गावात कुणी काही बोललं नाही. काय बोलणार?

१८ जानेवारी १९७७ ला इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली. तुरुंगातले पुढारी सुटायला लागले. संघटना काँग्रेस, जनसंघ, लोकदल, समाजवादी अशा एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनी मिळून जनता पक्ष केला. स्वतःचं चिन्ह नव्हतं, म्हणून लोकदलाचा नांगरधारी शेतकरी घेतला. महाराष्ट्रात त्यांनी शेकाप, मार्क्सवादी आणि खोब्रागडे गटाचा रिपब्लिकन पक्ष यांच्याशी जागावाटप केलं. विरोधकांची मतं फुटू द्यायची नाहीत, एवढाच डाव. आमच्याकडं शेकापचे भाई उद्धवराव पाटील उभे राहिले.

तेव्हा मताचं वय २१ होतं आणि मी १८ चा. पण दहावी झालेला, अक्षर बरं. म्हणून मतदानादिवशी शाळेपासून लांब टेबल टाकून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायला मला बसवलं. मार्च महिना, खळी चालू होती. तरी माणसं आली. काँग्रेसवाल्यांच्या गाड्यांतून आली, त्यांचाच चहा पिऊन आली. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठरल्याप्रमाणं चाललंय.

एक म्हातारी चिठ्ठी घेऊन तिथंच थांबली. हळूच म्हणाली, "लेकरा, शिक्का कुठं मारला ते त्येंला कळतं का रं?"

"न्हाई आज्जी. आत आडोसा असतो."

"पाटलाला बी न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

डोक्यावरचा पदर नीट करून ती आत गेली.

मतमोजणी झाली आणि रेडिओनं सांगितलं ते पहिल्यांदा कुणाला खरंच वाटेना. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई पडल्या. देशात जनता पक्षाला २९५, काँग्रेसला १५४. राज्यात काँग्रेस ४८ पैकी २० वर आली. विदर्भात ती बरीच टिकली, पण मराठवाड्यात ८ पैकी एक उस्मानाबादच राहिलं. लातूरला उद्धवराव, नांदेडला केशवराव धोंडगे, परभणीला शेषराव देशमुख हे शेकापचे. बीडला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. औरंगाबादला जनता पक्षाचे बापू काळदाते. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण मराठवाड्याचेच. मे महिन्यात त्यांनाही खुर्ची सोडावी लागली.

याच मतदारांनी १९८० ला उलटं केलं. जनता पक्षाचे पुढारी आपसात भांडले, १९७९ च्या जुलैत मोरारजींचं सरकार गेलं. ऊस पिकवणाऱ्याला त्या काळात गूळ-साखरेच्या पडलेल्या भावानं रडवलं. इंदिराबाईंच्या काँग्रेसला राज्यात ४८ पैकी ३९ जागा मिळाल्या. लातूरहून शिवराज पाटील गेले. तेव्हा शिकलेली माणसं म्हणायला लागली, खेड्यातल्या माणसाला विसर फार, जिकडं वारा तिकडं तो.

मला तसं वाटत नाही. खळ्यावर माप घालताना आमचा माणूस बोलत नाही, मनात मोजतो. मताचंही तसंच. सत्त्याहत्तरला त्यानं ऑपरेशनचा हिशेब केला, ऐंशीला भांडणाचा आणि भावाचा. भाषणं दोन्ही वेळेला ऐकली, गाडीत दोन्ही वेळेला बसला. पण आडोशामागं शिक्का हातात घेऊन तो एकटाच होता, आणि हे त्याला सत्त्याहत्तरला पहिल्यांदा पुरतं कळलं. म्हणून ते इलेक्शन लोकांच्या ध्यानात राहिलं.

आमच्या त्या शेजाऱ्यानं दोन्ही वेळेला मत दिलं. कुणाला दिलं ते मी कधी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं.