बोट फिरवून मराठी : स्वरचक्राचा इतिहास आणि अहिराणीचा प्रश्न

मोबाईलवर एकेक बटण न दाबता, बोट फिरवून लिहायची कल्पना स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. 1993 मध्ये झेरॉक्स पार्कच्या डेव्हिड गोल्डबर्ग आणि केट रिचर्डसन यांनी ‘युनिस्ट्रोक्स’ मांडलं. एका अक्षराला एकच रेघ, बस्स. 1996 च्या पाम पायलटवरची ‘ग्राफिटी’ त्याच जातीची. पुढे मात्र दोन वेगळ्या वाटा फुटल्या. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, पण आत काय गृहीत धरलंय ते बघा. खरा फरक तिथे आहे.

पहिली वाट शब्दाची. शुमिन झाई आणि पेर ओला क्रिस्टेन्सन यांनी 2003 पासून ती मांडली. बोट न उचलता शब्दातल्या अक्षरांवरून रेघ ओढायची. यंत्र ती रेघ आपल्याकडच्या शब्दयादीशी ताडून बघतं आणि जवळचा शब्द देतं. स्वाइपमुळे ही पद्धत घरोघरी पोचली.

दुसरी वाट चक्राची. मेन्यूतले पर्याय एकाखाली एक न लावता गोलात मांडले, तर 1988 च्या मेरीलँड विद्यापीठाच्या प्रयोगात निवड सुमारे 15 टक्के लवकर झाली. कारण साधं आहे : सगळे पर्याय मधल्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर असतात, फक्त दिशा बदलते. पुढे गॉर्डन कर्टेनबाख आणि बिल बक्स्टन यांनी दाखवलं की दिशा हाताला पाठ झाली की मेन्यू बघावाही लागत नाही.

आता देवनागरीकडे या. व्यंजनं, स्वर, मात्रा आणि वर जोडाक्षरं. एवढ्या सगळ्यांना फोनच्या पडद्यावर वेगवेगळी बटणं कुठून आणायची? आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये अनिरुद्ध जोशी आणि सहकारी यावर बरीच वर्षं काम करत होते. 2004 च्या ‘कीलेख’मध्ये त्यांनी अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावली. 2011 मध्ये टचस्क्रीनवरच्या देवनागरी कीबोर्डांच्या चाचण्यांवर त्यांचा पेपर आला. 2013 च्या सुमारास अँड्रॉइडवर ‘स्वरचक्र’ आलं.

पद्धत अशी : ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलायचं. नुसतं टेकवलं तर ‘क’. हलन्त निवडला की बटणांवर त्या अक्षराची जोडाक्षरंच दिसायला लागतात. म्हणजे शाळेत पाठ केलेली बाराखडीच इथे गोल झाली.

आता आपल्या शिरपूर-धुळे पट्ट्याचा प्रश्न. अहिराणीत मुलाला ‘आंडोर’ म्हणतात आणि ‘आहे’ला ‘शे’. 2011 च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे 18 लाखांहून अधिक होते. पण शब्दयादी प्रमाण मराठीची असेल, तर रेघेची पद्धत अहिराणी शब्द ओळखणार कशी? ती जवळचा मराठी शब्द पुढे करणार. एकेक शब्द तिला शिकवता येतो, पण ते काम बोलणाऱ्याच्याच माथी. चक्राला शब्दयादी लागतच नाही. त्याला फक्त लिपी माहीत असते, म्हणून अहिराणी असो की पावरी, देवनागरीत लिहिता येईल ते सगळं तिथे चालतं. अर्थात त्याचीही किंमत आहे. प्रत्येक अक्षर स्वतः घडवावं लागतं, आणि बोट चुकलं तर यंत्र सावरून घेत नाही.

पीएच.डी.साठी विषय शोधत असाल तर इथून एक गोष्ट घ्या. ‘कुठली पद्धत वेगवान?’ हा प्रश्न वाईट नाही, पण अपुरा आहे. मिनिटाला किती शब्द होतात हे मोजताना चाचणीची वाक्यं कुठल्या बोलीतली होती, ते आधी विचारा. प्रमाण मराठीच्या वाक्यांवर जिंकलेली पद्धत अहिराणीच्या वाक्यांवर जिंकेलच असं नाही. दोन पद्धती, दोन बोली आणि त्याच लिहिणाऱ्यांवर दोन्हींची चाचणी, एवढा आराखडा कागदावर मांडून बघा. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि अहिराणी बोलणारी माणसं आपल्या गल्लीतच आहेत.