साम्राज्य उभारणीच्या खेळांत आर्थिक गुण कसे मोजतात?

मे महिना लागला की मस्कतमध्ये दुपारी मुलांना बाहेर सोडण्याची सोय राहत नाही, आणि मग घरोघरी कॉम्प्युटरवर साम्राज्ये उभी राहू लागतात. "सगळ्यांत जास्त सोने माझ्याकडे, तरी मी तिसरा कसा?" हा प्रश्न अनेक पालकांनी ऐकला असेल. तिजोरीतली शिल्लक म्हणजे गुण नव्हेत, हे त्याचे थोडक्यात उत्तर. पण नेमके काय मोजतात, ते खेळागणिक वेगळे असते. मंडळाच्या वाचकांसाठी ती माहिती येथे एकत्र देत आहोत.

आधी 1999 सालचा 'एज ऑफ एम्पायर्स 2' घेऊ, कारण तो आपल्यातल्या काही बाबालोकांनीही खेळलेला आहे. डाव संपला की लष्कर, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान आणि समाज असे चार भाग पडद्यावर येतात. अर्थव्यवस्थेच्या पानावर अन्न, लाकूड, दगड आणि सोने किती गोळा केले याचे आकडे असतात, शिवाय व्यापारातला नफा, पाठवलेली खंडणी आणि मिळालेली खंडणी यांचे रकाने वेगळे. मित्रराष्ट्राला मदत पाठवायची तरी खेळ तिला खंडणीच म्हणतो! बाजार बांधल्यावर ही रक्कम पाठवता येते, पण सुरुवातीला तिच्यावर 30 टक्के कर लागतो. 'कॉइनेज'चा शोध लावला की तो 20 टक्क्यांवर येतो आणि 'बँकिंग' आले की शून्य होतो. रुवीच्या एक्सचेंजमध्ये रांग लावून गावी पैसे पाठवणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम समजावून सांगायला नको.

खऱ्या देशांच्या हिशेबातही रकान्यांचा असाच प्रकार आहे. ओमानमध्ये काम करून आपण जे कमावतो ते ओमानच्या जीडीपीत धरले जाते. गावी पाठवलेले रियाल भारताच्या जीडीपीत थेट येत नाहीत. परदेशाशी होणाऱ्या देवघेवीच्या ताळेबंदात त्यांची वेगळी नोंद होते. मात्र त्याच पैशातून सांगलीला घर बांधले, तर ते बांधकाम भारताच्या जीडीपीत येते.

2016 साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन 6'चे गुण बरेचसे याच तऱ्हेने चालतात. तिजोरीतल्या सोन्याला तेथे एकही गुण नाही, व्यापारी मार्गांनाही नाही. प्रत्येक शहराला 5, प्रत्येक नागरिकाला 1, शहरातल्या प्रत्येक विशेष विभागाला 2 आणि इमारतीला 1 गुण मिळतो. एका तंत्रज्ञानाचे 2, महान व्यक्तीचे 5 आणि जगातल्या आश्चर्याचे तब्बल 15. म्हणजे हजारो मोहरा साठवून बसलेला खेळाडू गुणांच्या दृष्टीने कफल्लकच. त्याने त्याच सोन्याने वसाहतकरी विकत घेऊन नवे शहर वसवले की 5 गुण पदरात पडतात. सोने देऊन महान व्यक्तीही आपल्याकडे ओढता येते. आश्चर्य मात्र सोन्याने विकत मिळत नाही, ते बांधावेच लागते.

सिड मायर यांच्या 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट होती. सुखी नागरिकाला 2 गुण, समाधानी नागरिकाला 1, आणि प्रदूषित झालेल्या प्रत्येक चौकोनामागे 10 गुण वजा. आमच्या मते हा नियम पुढे काढायला नको होता.

आपल्या मस्कतला या मालिकेत स्थान आहे, हे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. 'सिव्हिलायझेशन 6'च्या एका पुरवणीत मस्कत हे व्यापारी नगरराज्य म्हणून येते. त्याचे अधिपती झालात, तर तुमच्या ज्या शहरांत व्यापारी विभाग असेल तेथे सुखसोयी एकाने वाढतात. झांझिबारही तसेच नगरराज्य आहे आणि त्याच्याकडून दालचिनी आणि लवंग मिळते. खेळात ही दोन वेगळी शहरे आहेत. इतिहासात मात्र सय्यद सईद बिन सुलतान यांनी 1840च्या सुमारास आपला दरबार मस्कतहून झांझिबारला नेला, आणि तिथल्या लवंगेच्या बागा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाल्या. 1856 मध्ये ते वारल्यावर मुलांत वाद झाला. भारताचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी 1861 मध्ये राज्याचे दोन भाग मान्य केले आणि झांझिबारने मस्कतला दरवर्षी 40,000 क्राउन द्यावेत असे ठरवले. बंदर एकाकडे राहिले, लवंग दुसऱ्याकडे गेली. मिळालेल्या खंडणीच्या रकान्याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

2025 मध्ये आलेल्या 'सिव्हिलायझेशन 7'ने आर्थिक गुणांना स्वतंत्र वाट दिली. खेळ आला तेव्हाच्या नियमांनुसार प्राचीन युगात आपल्या वस्त्यांना 20 संसाधने जोडायची, पुढच्या युगात दूरच्या प्रदेशातून खजिन्याची जहाजे आणून 30 गुण मिळवायचे, आणि आधुनिक युगात कारखान्यांतून 500. तेथेही नुसते साठवलेले सोने उपयोगी नाही. माल हलला पाहिजे.

'सिव्हिलायझेशन 6' साधारण वेगाने खेळल्यास 500 फेऱ्यांनंतर, म्हणजे खेळातल्या 2050 साली, गुणांवर निकाल लागतो. तोवर तिजोरीत काही उरले असेल, तर शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत ग्रंथालये, बाजार, धान्यकोठारे, जे काही विकत घेता येईल ते घेऊन टाकावे.