विवराच्या कडेचा दगड

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलनातल्या फजितीबद्दल लिहावं असं मनात होतं. पण लोणारच्या मातीत वाढलेल्या माणसानं विवर सोडून दुसरं काय लिहायचं? शिवाय एक माफी मागायची राहून गेली आहे.

आठवीतली सहल आठवते ना? सहल कसली, शाळेपासून धारेपर्यंत चालत जाणं. गोमुखाचं गोड पाणी प्यायचं, मग घसरत खाली उतरून सरोवराचं खारं पाणी जिभेला लावायचं आणि थुंकायचं. मचूळ, साबणासारखं. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, खार मागे ठेवतं. एवढं सरांनी छान समजावलं होतं. लवणासुराची गोष्टही दैत्यसूदनाच्या देवळात सांगितली होती.

मग ते म्हणाले, हे ज्वालामुखीचं तोंड. तेव्हा बहुतेक जण तसंच मानत. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली, तेव्हापासून तज्ज्ञांचा वाद चालूच होता.

त्यावर मागच्या बाकावरचा आपला एक मित्र उभा राहिला. त्याचे वडील विहिरी खोदायचे. तो म्हणाला, "सर, आमच्या विहिरींत दगडाचे थर आडवे असतात. इथं कडेला ते वर उचललेले आणि बाहेर कललेले का?" सर गप्प झाले. मी वर्गाचा मॉनिटर. "आला मोठा शास्त्रज्ञ!" असं मी मोठ्यानं म्हणालो आणि सगळे हसले. तो खाली बसला. पुढे वर्षभर त्यानं काही विचारल्याचं मला आठवत नाही. दहावीच्या आधीच त्यानं शाळा सोडली.

१९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात लोणारवरचा लेख आला. तळाशी छिद्रं पाडून काढलेल्या दगडांत जबर धक्क्यानेच बनणारी काच मिळाली होती. हा उल्कापाताचा खड्डा, तोही बेसॉल्ट खडकातला. सुमारे १.८ किलोमीटर रुंद. उल्का आदळली की कडेचे थर उचलले जातात, बाहेर उलटतात. म्हणजे आपल्या मित्रानं नेमक्या पुराव्यावर बोट ठेवलं होतं! मला हे कळलं ते फार नंतर, पुण्यात नोकरीला असताना, एका मासिकात. त्या रात्री झोप लागली नाही. वयाचा आकडाही पुढे बदलला. आधी पन्नासएक हजार वर्षं म्हणत, मग २०११ च्या सुमारास विवराच्या काचेतल्या आर्गॉनच्या मोजणीवरून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघाली.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांनी मलाच फोन केले. पाणी उतरलं, खारेपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. मी ते ऐटीत सांगत होतो. एवढं सगळं विचारण्याची सवय ज्याच्यामुळे लागली, त्याला मात्र फोन केला नाही. नंबरच नव्हता.

आता तो मेळाव्याला येणार आहे, असं समजलं. चहा झाला की आपण दोघं कडेवर जाऊ. ते कललेले थर नेमके कुठे दिसतात, ते मला त्याच्याकडूनच बघायचं आहे.