काम, मजुरी आणि गुन्हा

आमच्या युनियनच्या कचेरीत आयाबहिणींचे एक गाऱ्हाणे ठरलेले असते. "दादा, पोरगा बसून आहे. रात्री उशिरा येतो, विचारले की अंगावर येतो. कुठे तरी चिकटवा त्याला." त्या माउलीला भय उपासाचे नसते, पोलीस चौकीचे असते. तेव्हा प्रश्न असा की, सरकारने सार्वजनिक कामे काढून अशा तरुणांना राबविले, तर त्यांचे पाऊल वाकडे पडायचे थांबेल काय?

पहिला धडा पुण्याच्याच इतिहासात आहे. 1876 ते 1878 च्या दुष्काळात इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु 1877 च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी कापली गेली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाच्या हाती जेमतेम 1 पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर पडू लागली. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आम्ही याला संपच म्हणतो. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी 1879 मध्ये, पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेले वासुदेव बळवंत फडके रामोशी मंडळींसह धामारीवर चालून गेले. सरकारने त्याला दरोडा म्हटले, लोकांनी बंड म्हटले. नाव काहीही द्या. दुष्काळातील हालांची आग त्यात होती. काम नुसते निघून भागत नाही, त्याने पोट भरावे लागते.

दुसरा धडा 1972 च्या दुष्काळाचा. त्यातून 'मागेल त्याला काम' देणारी रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तिच्यासाठी 1975 साली व्यवसाय कर बसला. शहरातील पगारदारांनी तो भरला. खेड्यातील बांधवांचे ते देणेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण हमी खेड्यापुरती राहिली. 2005 चा केंद्राचा कायदाही ग्रामीण कुटुंबांसाठीच झाला. कर देणाऱ्या कामगाराचा मुलगा मात्र नाक्यावरच उभा राहिला.

मग शहरी तरुणांचा दाखला कोठला? अमेरिकेतील शिकागोचा. तेथे 2012 च्या उन्हाळ्यात 1,634 मुलामुलींतून सोडत काढून काहींना 8 आठवड्यांचे मजुरीचे काम देऊ केले. पुढील 16 महिन्यांत त्या गटातील हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या अटका उरलेल्यांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी भरल्या. चोरीच्या अटकांत मात्र तशी घट दिसली नाही.

आम्हांला यात नवल वाटत नाही. आठ आठवड्यांचे काम माथे थंड करील. वर्षभराची चूल पेटवणार नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : शहरातही काम द्या, पण पुऱ्या मजुरीचे आणि हात तयार करणारे द्या. बेकार पोराला गुन्हेगार समजून राबवू नका. कामगार समजून बोलवा.