घरी केलेल्या लाकडी माशाला रंग आणि शेवटचा हात

गळाला लावायचा खोटा मासा, म्हणजे ज्याला सगळे ल्यूर म्हणतात तो, विकत सहज मिळतो. तरीही घरी लाकूड तासून तो करणारे आपल्या भोपाळात आहेत आणि त्यांत मराठी घरांतलेही काही आहेत. आपल्या मंडळींत गळ टाकणारे थोडे आणि मासे खाणारे निम्मेच, हे आम्हाला ठाऊक आहे. पण लाकडाला रंग देऊन ते पाण्यात टिकवणे ही स्वतंत्र कला आहे आणि ज्याला मासा पकडायचा नाही त्यालाही ती आवडेल. तासणे बहुतेकांना जमते, गाडी अडते ती रंगाशी. रंग पाण्यात सुटतो, फुगतो, दुसऱ्याच फेकीत टवका उडतो. म्हणून हा लेख फक्त रंग आणि शेवटचा थर यांच्यापुरता आहे.

गळाने मासे धरण्याचा छंद आपल्याकडे साहेबाने आणला, असा समज आहे. तो बरोबर नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. त्यात माशांच्या जाती, दोरी, काठी आणि आमिषे यांचा विचार केला आहे. कोकणात आजही या छंदाला गरवणे म्हणतात आणि गळाला गरी. लाकडी ल्यूरचा आजचा प्रसिद्ध अवतार मात्र फिनलंडचा. लाउरी रापाला या कोळ्याने 1936 साली बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून थर दिला. घरात जे आहे त्यातून काम भागवायचे, हा धडा आपल्याला पुरेसा आहे.

लाकूड आणि त्याचे तोंड बंद करणे

हलके, सरळ रेषांचे लाकूड घ्यावे. भोपाळच्या दक्षिणेला, नर्मदाकाठी सीहोर जिल्ह्यातील बुधनी येथे लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी होतात. त्यांचे लाकूड दुधीचे, ज्याला मराठीत काळा कुडा म्हणतात. ते मऊ, पांढरे आणि गुळगुळीत कातले जाणारे आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा वापरत आले, तो तर आणखी हलका. सागवान टाळावे. ते जड असते आणि त्यातील तेलकटपणामुळे रंग नीट धरत नाही.

आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, शेवटी 400. त्यानंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. लाकडाचे केस उभे राहतात, ते पुन्हा 400 ने उतरवावेत. ही पायरी नवशिके हमखास गाळतात आणि मग रंगाखाली खरबरीतपणा का आला म्हणून विचारतात.

आता लाकडाची तहान भागवायची. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे तीन पातळ हात, किंवा सुतार वापरतात तो सँडिंग सीलर, दोन्ही चालतात. गळ अडकवायची भोके आणि पोटातील वजनाचे भोक यांच्या आत काडीने सीलर घालावा, कारण पाणी बाहेरच्या अंगातून क्वचित शिरते, ते भोकातूनच शिरते. आत शिरलेले पाणी लाकूड फुगवते आणि फुगलेले लाकूड वरचा कितीही चांगला थर फोडते. लाख हा शेवटचा थर म्हणून मात्र उपयोगी नाही. जास्त वेळ पाण्यात राहिली की ती दुधासारखी पांढरी पडते. बुधनीचा खेळण्यातला मासा दिसायला कितीही सुंदर असला, तरी तसाच गळाला लावू नये.

रंगाला हात घालण्यापूर्वी एक काम उरकावे. गळ रबरबँडने तात्पुरते अडकवून मासा बादलीत सोडावा. तो पोट खाली ठेवून सरळ तरंगतो का, की कुशीवर झोपतो? वजनाची दुरुस्ती आत्ताच होते, रंगानंतर होत नाही. वजन म्हणून शिसे घालण्याची रीत आहे. आमचा तिला विरोध आहे. बडा तालाब हा भोज वेटलँडचा भाग, 2002 पासून रामसर यादीत, आणि शहरातील मोठ्या वस्तीच्या नळाला त्याचे पाणी येते. दगडात अडकून तुटलेला ल्यूर तळाशीच राहतो. सायकलच्या बेअरिंगचे पोलादी छर्रे घातले की काम होते. पोलाद शिशापेक्षा हलके, म्हणून भोक थोडे मोठे करावे लागते, इतकेच.

हाच विचार रंगाच्या डब्यालाही लावावा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त असू नये, असा नियम 2016 मध्ये झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. माळ्यावर त्याआधीचा ऑइलपेंटचा डबा उरला असेल तर तो या कामाला काढू नये. विशेषतः नातवंडे शेजारी बसून रंगवणार असतील आणि तोच रंग पुढे पॉलिश पेपरने घासायचा असेल, तर अजिबात नको. घासलेली धूळ श्वासात जाते.

रंग

सावंतवाडीच्या चितारआळीत गंजिफा करण्याची जुनी पद्धत पाहिली तर आपल्या कामाचा क्रम त्यात आयता सापडतो. कापडाला चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा पांढरा थर, तो घोटून त्यावर चित्र आणि शेवटी लाख. मरणपंथाला लागलेली ही कला 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशिलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा देऊन पुन्हा उभी केली. आपला क्रम तोच: भरणी, पांढरा तळ, रंग, आवरण. पांढऱ्या तळाशिवाय पिवळा आणि केशरी हे रंग लाकडावर मळकट दिसतात. पांढऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत आणि मध्ये 400 ने हलकेच घासावे.

रंग पाण्यात कालवायचे ॲक्रिलिकच घ्यावेत. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनच्या शाईने आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या सदऱ्याचे खिसे निळे केले आहेत. त्याच घराण्यातल्या कॅमल ॲक्रिलिकच्या लहान बाटल्या इथे पुरतात. एअरब्रश नसला तरी अडत नाही. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपावा आणि मग माशावर थोपटावा. ब्रशच्या रेघा राहत नाहीत आणि एका रंगातून दुसऱ्यात सहज जाता येते.

खऱ्या माशाची पाठ गडद आणि पोट पांढरे असते. वरून पाहणाऱ्या बगळ्याला तो तळाच्या रंगात मिसळलेला दिसतो आणि खालून पाहणाऱ्या मोठ्या माशाला आकाशाच्या उजेडात. हाच नियम ल्यूरला लावायचा. आधी पोट पांढरे, मग कुशीला चंदेरी, शेवटी पाठीला शेवाळी किंवा काळपट हिरवा. आपल्या तलावांतला चिलवा साधारण असाच दिसतो. पावसानंतर पाणी गढूळ झाले की हा नाजूकपणा फुकट जातो. तेव्हा काळा, भडक पिवळा किंवा केशरी यांचा ठळक विरोध उपयोगी पडतो. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी विझतो आणि थोड्या खोलीवर तो काळपट दिसतो. तरी कल्ल्याजवळ लाल ठिपका देण्याची प्रथा आहे. मासा फसतो की नाही ते मासाच जाणे, विकत घेणारा मात्र नक्की फसतो.

खवले काढण्यासाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा माशावर ताणून कपड्याच्या चिमट्यांनी घट्ट धरावा आणि वरून चंदेरीवर गडद रंग स्पंजने थोपटावा. जाळी रंग वाळण्याआधी सरळ वर उचलावी, ओढू नये. डोळ्यांसाठी बाजारात तयार चकत्या मिळतात. घरात टिकल्यांचे पाकीट असेल तर त्याहून उत्तम काही नाही. सोनेरी मोठी टिकली, तिच्यावर काळी लहान. टिकलीचा गोंद पाण्यात टिकत नाही, म्हणून ती शेवटच्या थराच्या आत गाडली गेली पाहिजे. बारीक रेघांसाठी मार्कर वापरणाऱ्यांनी सावध राहावे. त्याची शाई वरच्या थरात पसरते. रंगाने भरलेला शून्य नंबरचा ब्रश बरा.

शेवटचा थर

सगळ्यात जास्त ल्यूर इथे बिघडतात. नखांना लावायचे पारदर्शक पॉलिश अनेकांना आठवते, पण त्यातले द्रावण ॲक्रिलिक रंग विरघळवते आणि खवले लिंपून जातात. दोन भागांचे पीयू पॉलिश चांगले, पण त्याला वास फार आणि मोकळी जागा हवी. नवशिक्याने दोन भागांचे पारदर्शक, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी घ्यावे. पाच मिनिटांत घट्ट होणारे घेऊ नये, ते ब्रश फिरवता फिरवताच आवळते आणि पुढे पिवळे पडते.

प्रमाण पाकिटावर असेल तेच, अंदाजाने नाही. सुईशिवायच्या दोन सिरिंजनी मोजावे. हार्डनर जास्त घातला की लवकर घट्ट होते, हा गैरसमज आहे. चुकीच्या प्रमाणात ते कायमचे चिकट राहते. हातमोजे घालावेत, कारण हार्डनरने त्वचेला खाज सुटू शकते. दोन मिनिटे सावकाश ढवळावे. बुडबुडे आले तर हेअर ड्रायरची ऊब क्षणभर द्यावी. बोटभर लांबीच्या माशाला तीन-चार मिलिलिटर पुरते. पातळ हात द्यावा आणि मासा आडवा धरून फिरवत राहावे, नाहीतर थर ओघळून पोटाशी थेंब जमतो. बिघडलेल्या मायक्रोवेव्हच्या काचेची ताटली फिरवणारी मोटर यासाठी अनेक जण वापरतात. मात्र ती विजेवर चालते, म्हणून जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. मोटर नसेल तर पहिला अर्धा-पाऊण तास दर दोन मिनिटांनी हाताने उलटवावे. गाणी ऐकत होते ते काम.

हवामानाचा हिशेब भोपाळकरांनी स्वतंत्र करावा. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्याने मासेमारी बंद असते. म्हणजे हातात वेळ असतो, पण हवा दमट असते. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट, धुरकट साय येते. तेव्हा या दोन महिन्यांत तासणे, सीलर आणि रंग उरकावेत आणि शेवटचा थर कोरड्या दिवसासाठी राखावा. मे महिन्यात उलट अडचण: दुपारी इपॉक्सी वाटीतच घट्ट होते. पहाटे करावे आणि लू सुटण्याआधी खोलीची दारे बंद करावीत, नाहीतर धूळ बसते. थर 24 तासांत हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण टणक व्हायला आठवडा द्यावा.

त्यानंतर भोकांतला इपॉक्सी बारीक ड्रिलने मोकळा करून गळ बसवावेत. तीन काट्यांच्या गळाऐवजी एकेरी गळ घ्यावा आणि त्याचा उलटा दात पकडीने दाबून टाकावा. महाशीर हा 2011 पासून आपल्या राज्याचा मासा आहे आणि नर्मदेत तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. लागला तर इजा न होता सोडता आला पाहिजे. तलावावर जाण्यापूर्वी तिथे गळ टाकायला परवानगी आहे का आणि कोणाची लागते, हे विचारून घ्यावे.

तयार ल्यूर रबरी किड्यांच्या डब्यात ठेवू नयेत. त्या मऊ प्लास्टिकमधले तेल रंगाला लागून तो चिकट होतो. वेगळ्या खणांचा डबा नसेल तर प्रत्येक मासा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळावा आणि गळाच्या टोकावर स्ट्रॉचा तुकडा सरकवावा.