अर्जागणिक नेमणूक

युनिक्सच्या बाल्यावस्थेत, पीडीपी-७ या यंत्रावर, चालत्या प्रोसेसची हुबेहूब प्रत काढून दुसरी उभी करणारी जी ‘फोर्क’ नावाची सोय झाली, तिला असेंब्ली भाषेच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या, असे डेनिस रिची यांनी नमूद करून ठेवले आहे. आणि इतक्या स्वस्तात हाती आलेली वस्तू पुढील पिढ्यांनी सढळ हाताने उधळावी, यात नवल नव्हते.

१९९३ साली अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत वेब-सर्व्हरकरवी प्रोग्राम चालवण्याचा, सीजीआय नावाचा जो शिरस्ता पडला, तो या उधळेपणाचाच: विनंती आली की सर्व्हरने नवी प्रोसेस निर्माण करावी, तपशील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांतून तिच्या हवाली करावा, तिने उत्तर छापावे आणि तत्क्षणी प्राण सोडावा. शिरस्ता निर्मळ होता, हे मान्यच केले पाहिजे. एका विनंतीचा बिघाड दुसरीस बाधत नसे. परंतु दर अर्जासाठी कारकून नेमून निकाल लागताच त्यास बडतर्फ करणाऱ्या कचेरीचा जमाखर्च कसा जुळावा? पायथनपुरते बोलायचे तर फोर्क ही त्यातली किरकोळ रक्कम. खरा भार त्यापुढचा: इंटरप्रिटर जागा व्हायचा, मॉड्यूले धुंडाळीत डिस्कवर हिंडायचा, एकेक इम्पोर्ट उरकायचा, डेटाबेसशी नव्याने संधान बांधायचा, आणि एवढ्या खटाटोपानंतर चार ओळींचे एचटीएमएल छापून मोकळा व्हायचा.

१९९६ मध्ये ओपन मार्केट कंपनीच्या फास्टसीजीआयने प्रोसेस कायम तैनात ठेवण्याची तजवीज केली. पुढे मॉड-पायथनने इंटरप्रिटरच अपाची या वेब-सर्व्हरच्या पोटात वसवला. माझ्या मते मात्र अधिक दूरदृष्टीचे काम २००३ च्या पेप ३३३ या पायथन-सुधारणेच्या प्रस्तावाने केले. फिलिप एबी यांच्या त्या मसुद्याने सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यातील व्यवहार एका साध्या फंक्शन-कॉलवर आणून ठेवला, त्यामुळे खालची व्यवस्था बदलली तरी वरच्या प्रोग्रामास त्याची झळ लागेना. २०१० मधील गुनिकॉर्न हा पायथनचा सर्व्हर फोर्कच करतो, पण आरंभीच. मग त्याच वर्कर-प्रोसेस विनंत्यांमागून विनंत्या निकालात काढतात. पायथनच्या ३.१३ आवृत्तीतून, २०२४ साली, जुने ‘सीजीआय’ मॉड्यूलही खारीज झाले.

गंमत अशी, की पुढल्या दाराने घालवलेला हा खर्च मागल्या दाराने परत येतो. चित्र लहान करावयाचे म्हणून इमेजमॅजिकची आज्ञा, कमिटांचा इतिहास हवा म्हणून गिटची आज्ञा, असे प्रत्येक विनंतीत ‘सबप्रोसेस’ला पाचारण करण्याची वहिवाट अद्याप चालू आहे, वास्तविक पिलो किंवा पायगिट२ या पायथन-लायब्ररी ही कामे त्याच प्रोसेसमध्ये बसून करतात. परक्याने धाडलेली संशयास्पद फाइल उघडावयाची असेल, तर मात्र स्वतंत्र प्रोसेसचा खर्च मी आजही खुशाल मंजूर करीन.